इंजिन इथेनॉलनं कमी, ऑइलवाचून जास्त बसतायत

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी तुमचाच पेपर टाकतो. विटा आणि पुढं खानापूर, भिवघाटाच्या बाजूची गावं अशी माझी लाइन आहे, २१ वर्षं झाली, आणि माझ्या आधी वडील टाकायचे. त्यामुळं पेपरात जे छापून येतं ते गिऱ्हाइकाच्या आधी माझ्या हातात असतं, गठ्ठे फोडताना आणि पुरवण्या भरताना दोन-चार पत्रं वाचून होतातच. सध्या वाचकांच्या पत्रांत एकच विषय चाललाय, पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल घातलं आणि त्यानं आमच्या गाड्यांची इंजिनं गेली. गावात पेपर द्यायला थांबलो तरी तेच, पारावर तेच, डेअरीवर तेच. मला पण याच विषयावर लिहायचंय पण जरा वेगळं, आणि थोडं लांबेल, छापताना कापायचं असेल तर कापा, फक्त ऑइलचा भाग कापू नका एवढी विनंती.

मी मिस्त्री नाही, इंजिनिअर तर नाहीच. पण माझी शंभर सीसीची गाडी दिवसाला ७४ किलोमीटर चालते, पेपरला सुट्टी असते ते मोजके दिवस सोडले तर रोज, म्हणजे वर्षाला २६ हजाराच्या वर. आणि ते चालणं पण साधं नाही. पहाटे पावणेपाचला थंड इंजिनावर पन्नास-साठ किलोचे गठ्ठे लादून रेणावीचा घाट चढायचा, मग गावात शिरलं की दर पन्नास फुटाला थांबायचं, पहिला-दुसरा, पहिला-दुसरा, परत थांबायचं. दूधवाल्याची गाडी, भाजीवाल्याची गाडी, कुरिअरच्या पोराची गाडी, सगळ्यांचं असंच. गाडी बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद, आणि माझं तर गिऱ्हाईक पण तुटतं कारण शिळा पेपर दुसऱ्या दिवशी कोण घेत नाही.

आधी इथेनॉलचं बोलून घेतो. लोक म्हणतात ते सगळं खोटं नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ताकद कमी असते, त्यामुळं ॲव्हरेज थोडं पडणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात सरकारनं स्वतःच लिहिलंय की साध्या पेट्रोलवर बनवलेल्या आणि १० टक्के इथेनॉलला जुळवलेल्या दुचाकींचं ॲव्हरेज ३ ते ४ टक्क्यांनी कमी होईल. म्हणजे साठ देणारी गाडी अठ्ठावन्न देईल. दुसरं म्हणजे इथेनॉल पाणी ओढून घेतं, टाकीच्या झाकणाचं रबर गेलेलं असेल आणि पावसाचं पाणी आत उतरलं तर ते इथेनॉलला घेऊन तळाला जाऊन बसतं, मग गाडी रिझर्व्हला लावली की आचके देते. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत रबराच्या नळ्या, वॉशर लवकर फुगतात किंवा कडक होतात. हे आहे, आणि ज्यांच्याकडं दहा-पंधरा वर्षांची गाडी आहे त्यांनी पेट्रोलची नळी आणि झाकणाचं रबर बदलून घ्यावं, फार खर्च नाही त्याला. इथेनॉल बनतं ते आमच्याच जिल्ह्यातल्या उसापासून पण बनतं, माझ्या चुलत्यांचा ऊस पण कारखान्याला जातो, म्हणून मी बाजू घेतोय असं कुणी समजू नये. गिऱ्हाइकाला पंपावर जुन्या गाडीसाठी कमी इथेनॉलचं पेट्रोल घ्यायची सोय असायला पाहिजे होती असं माझं पण मत आहे.

पण इंजिन बसतं ते यानं नाही. दुपारी मी रिकामा असतो, तेव्हा ओळखीच्या एका गॅरेजवर जाऊन बसतो, दहा-बारा वर्षं बसतोय. तिथं इंजिनं खोललेली बघतो. हेड उचललं की आत काय दिसतं ते सांगतो. कॅम, म्हणजे व्हॉल्व उघडणारा फिरता दांडा, जिथं बसतो ती बैठक खरडलेली, त्याच्या जोडीच्या रॉकरच्या तोंडाला खड्डे, बोअरला, म्हणजे पिस्टन ज्यात चालतो त्या नळीला, आणि पिस्टनच्या अंगाला उभे ओरखडे, आणि खालचा बोल्ट काढला की ऑइल येतं अर्धा कप, ते पण डांबरासारखं. आता कॅम आणि रॉकर कुठं असतात, तर इंजिनाच्या डोक्यात, पार वर. तिथवर पेट्रोल जातच नाही हो, तिथं फक्त ऑइल जातं. मग कॅम खरडला तर इथेनॉलनं कसा खरडेल? तरी गाडी घेऊन आलेला माणूस पहिलं वाक्य तेच बोलतो, नवीन पेट्रोलनं वाट लावली. मिस्त्री पण मान डोलावतो, कारण गिऱ्हाइकाला तुम्ही ऑइल बघितलं नाही असं तोंडावर सांगायला त्याला पण अवघड जातं.

माझं स्वतःचं सांगतो, कारण ही चूक मी पण केलीय. २०१७ चा मार्च महिना. गाडी सर्व्हिसिंग करून आणून नऊ दिवस झाले होते, कुठं केली ते सांगत नाही, त्यांचं नाव घ्यायला हे पत्र नाही. बिलावर ऑइल लिहिलेलं होतं, पैसे दिलेले होते, म्हणून मी निवांत. घाटात अर्ध्यावर गेलो आणि वरनं टॅपेट वाजल्यासारखा आवाज यायला लागला, टक टक टक, मला वाटलं सकाळचा गारठा आहे, तापलं की जाईल. तापल्यावर आवाज वाढला. मग गाडी ओढायची कमी झाली, एक्सलेटर तेवढाच पण गाडी मागं कुणीतरी धरल्यासारखी, आणि तवा जळाल्यासारखा वास. मी दुसऱ्या गिअरवर टाकली आणि दहा-वीस फूट गेलो असेन, मागचं चाक जागेवर गच्च. रस्त्यावर धूळ होती, गाडी आडवी झाली, गठ्ठे सुटले, सुदैवानं मागनं ट्रक नव्हता, त्या रस्त्याला पहाटे ट्रक असतातच. क्लच दाबायचं पण सुचलं नाही. गुडघा फुटला ते सोडा, त्या दिवशी सहा गावांना पेपर गेला नाही.

टेम्पोत घालून गाडी गॅरेजवर आणली. मिस्त्रीनं काही न बोलता खाली ट्रे लावला, १७ नंबरच्या पान्यानं खालचा बोल्ट सोडला आणि मला म्हणाला, बघ. जेमतेम चहाच्या दोन कपांएवढं ऑइल आलं आणि नंतर थेंब थेंब. बोल्टच्या वॉशरपाशी ओल नाही, क्रँककेसला गळती नाही, सायलेन्सरला निळा धूर नव्हता. नऊ दिवसांत साडेसहाशे-सातशे किलोमीटर झाले होते, तेवढ्यात चांगलं इंजिन एवढं ऑइल खाणार नाही. म्हणजे ऑइल पूर्ण भरलंच नव्हतं. मी विचारायला गेलो तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, तुम्ही बघून घ्यायला पाहिजे होतं ना. त्याचा राग आजही येतो. पण त्यातलं एक खरं होतं, मी बघितलं नव्हतं. सोळा वर्षं गाडी चालवत होतो आणि डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काठी, स्वतः एकदा पण काढून बघितली नव्हती, आणि खरं सांगायचं तर ती काठी काढून कशी बघायची हे मला कुणी दाखवलंच नव्हतं. बोअर, पिस्टन, रिंगा, कॅम, रॉकर, हेडचं लेथवरचं काम आणि मजुरी धरून साडेसहा हजार गेले, आणि चार दिवस पाहुण्याची गाडी मागून लाइन टाकली.

आता ऑइल कमी झालं की एवढं का होतं ते मला नंतर कळलं, ते लिहितो कारण एकदा ते समजलं की माणूस आपोआप बघायला लागतो. आपल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत ऑइल बसतं पाऊण ते एक लिटर, बस. चारचाकीत तीन-चार लिटर असतं आणि वर रेडिएटरचं पाणी असतं थंड करायला. आपल्या गाडीला रेडिएटर नाही, हवा आणि ऑइल या दोघांवरच सगळं चालतं. तेच एवढंसं ऑइल पिस्टनला वंगण, कॅमला वंगण, गिअरबॉक्सला पण तेच, क्लच प्लेटा पण त्यातच भिजलेल्या आणि इंजिनची उष्णता बाहेर काढायची ती पण त्यानंच. चारचाकीत तीनशे मिली कमी झालं तर फार बिघडत नाही, आपल्याकडं तीनशे मिली म्हणजे तिसरा हिस्सा गेला. तळाला छोटा पंप असतो, तो ऑइल उचलून वर डोक्यापर्यंत पाठवतो, ऑइल कमी पडलं की घाटात गाडी मागं कलल्यावर पंपाच्या तोंडाशी हवा येते, आणि सगळ्यात आधी उपाशी राहतो तो सगळ्यात वरचा कॅम. म्हणून पहिला आवाज वरनं येतो. तो आवाज म्हणजे इंजिन ओरडून सांगत असतं, आणि आपण म्हणतो टॅपेट सेट करून घेऊ पुढच्या रविवारी.

आणि ऑइल सगळंच गळून जातं असं नाही. गाडीचे पन्नास-साठ हजार झाले की रिंगा झिजतात, व्हॉल्वचे सील कडक होतात, आणि इंजिन थोडं थोडं ऑइल जाळायला लागतं, सुरुवातीला धूर दिसत पण नाही. माझी आत्ताची गाडी हजार किलोमीटरला साधारण शंभर मिली खाते, वहीत लिहिलेलं आहे. काहीच वाईट नाही त्यात, जुनी आहे, खाणारच. पण मी बघितलं नाही आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणं पाच-सहा हजारानंच ऑइल बदलत राहिलो तर बदलायच्या वेळेपर्यंत निम्मं जळालेलं असेल. काही गाड्यांच्या पुस्तकात मध्ये तीन हजाराला टॉप-अप करा असं स्वच्छ छापलेलं असतं, ती ओळ कुणी वाचत नाही, कारण पुस्तक इंग्रजी-हिंदीत असतं आणि ते सीटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत असतं तिथंच राहतं.

मला वाटतं आपली ही सवय मोडली ती गाड्या बदलल्या तेव्हा. वडील लुनावर पेपर टाकायचे. लुना, राजदूत, चेतक या सगळ्या टू-स्ट्रोक, त्यात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायला लागायचं. पंपावर गेलं की पेट्रोल आणि सोबत ऑइल, ते विसरायची सोयच नव्हती, वडील दर वेळी माप स्वतः बघायचे, कमी टाकलं तर पंपावरच्या पोराशी भांडायचे. मग १९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली, फोर-स्ट्रोक, आणि तिची जाहिरात फार गाजली, पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरा. १९९४ ला स्प्लेंडर आली आणि मग गावागावात ९७ सीसीच्या त्याच जातीच्या इंजिनाच्या गाड्या झाल्या, बजाजच्या बॉक्सर, सीटी १००, प्लॅटिना आल्या, टीव्हीएसच्या आल्या. गाड्या खरंच चांगल्या, मला त्यांचं कौतुकच आहे, या इंजिनांनी खेड्यातला माणूस तालुक्याला जोडला, दूध वेळेत पोचलं, पोरं कॉलेजला गेली. पण ती विसरा म्हणणारी जाहिरात पेट्रोलच्या टाकीची होती, ॲव्हरेजची होती. लोकांनी पेट्रोलसोबत ऑइल पण विसरलं. ऑइल टाकीतनं निघून इंजिनाच्या पोटात गेलं आणि डोळ्याआड झालं.

बघायला लागतं किती, एक मिनिट. गाडी सपाट जागेला मेन स्टँडवर लावायची, साइड स्टँडवर नाही, तिरपी गाडी खोटं माप दाखवते. दोन-तीन मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, बंद करून परत दोन-तीन मिनिटं थांबायचं म्हणजे वर गेलेलं ऑइल खाली येतं. उजव्या बाजूला खाली काळं झाकण असतं, ते फिरवून काढलं की त्याला काठी असते, ती स्वच्छ फडक्यानं पुसायची, परत भोकात ठेवायची पण बहुतेक गाड्यांत आटे न फिरवता नुसती टेकवायची, आणि काढून बघायची. काठीवर दोन खुणा असतात, ऑइल त्या दोघांच्या मध्ये पाहिजे, वरच्या खुणेजवळ असलं तर उत्तम. वरच्या खुणेच्या वर पण जाऊ द्यायचं नाही, जास्त ऑइलनं पण गाडी जड होते आणि धूर मारते. काही गाड्यांना काठीऐवजी बाजूला गोल काच असते, त्यात नुसतं वाकून बघायचं. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरायचं नाही, आतली काजळी ते धरून ठेवतं म्हणून काळं होतं. पण चहासारखं पांढरट-तपकिरी दिसलं तर आत पाणी गेलंय, गाडी चालू न करता गॅरेजला.

ऑइल कुठलं घालायचं याच्यावर आमच्या विट्यात तर वेगळाच प्रश्न आहे. विटा ट्रकवाल्यांचं गाव, घरटी नाही तरी गल्लीगणिक ट्रक आहे, आणि ट्रकचं ऑइल बदलताना डब्यात उरलेलं अर्धा लिटर बाईकमध्ये ओततात, वाया कशाला घालवायचं म्हणून. ते जाड असतं, सकाळी थंड इंजिनात वर पोचायला वेळ लावतं आणि तेवढा वेळ कॅम कोरडा घासतो. मोटारीचं ऑइल पण ओततात, त्यात इंजिन सुळसुळीत फिरावं म्हणून जी औषधं असतात त्यांनी आपल्या गाडीच्या ओल्या क्लच प्लेटा घसरायला लागतात, मग माणूस क्लच प्लेटा बदलतो आणि ऑइल तसंच ठेवतो. बाटलीवर १०डब्ल्यू३० किंवा तुमच्या पुस्तकात असेल तो नंबर आणि जासो एमए किंवा एमए२ असं लिहिलेलं असलं की ते बाईकचं ऑइल, एवढं बघितलं तरी पुरे. आणि रिकामी झालेली बाटली भंगारात देताना भोक पाडून द्या, चांगल्या कंपनीच्या रिकाम्या बाटल्यांत गाळलेलं जुनं ऑइल भरून विकणारे लोक आहेत, सील नीट आहे का बघूनच घ्यावं.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. एअर फिल्टर कागदाचा असेल आणि तो तेलकट असेल तर त्याला पंपाची हवा मारू नका, धुऊ पण नका, तो तसाच वापरायचा आणि मुदत झाली की बदलायचा, हवा मारली की कागदाला बारीक भोकं पडतात आणि धूळ सरळ बोअरमध्ये. ऊसतोडीच्या हंगामात आमच्या रस्त्यांना जी धूळ असते ती पॉलिश पेपरसारखी काम करते. स्पंजचा जुना फिल्टर असेल तर तो रॉकेलमध्ये धुऊन ऑइलचा हात लावून बसवता येतो, दोन्हीत गल्लत करू नका. ॲव्हरेज मिळावं म्हणून चढाला चौथ्या गिअरवर वीसच्या स्पीडनं गाडी रडवत नेतात, त्यानं पेट्रोल वाचत नाही, इंजिन आतनं ठोकतं, गिअर कमी करा. किक मारल्या मारल्या रेस करू नका, अर्धं मिनिट द्या. दूधवाल्यांनी किटल्यांच्या आडोशाला इंजिनाच्या पापुद्र्यांत साठलेला चिखल आठवड्याला काडीनं काढावा, त्या पापुद्र्यांतनंच हवा लागते. चेन बोटभर ढिली पाहिजे, एकदम ताठ केली की गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६, म्हणजे धुराच्या नव्या नियमाच्या, बहुतेक गाड्यांना कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे. त्यात पेट्रोलचा पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि त्या पेट्रोलनंच थंड राहतो, म्हणून काटा तळाला जाईपर्यंत चालवत बसू नये. मीटरवर पिवळा इंजिनचा दिवा लागला तर मिस्त्रीला कार्बोरेटर साफ कर म्हणून काही होत नाही, स्कॅनर लावणारा शोधायला लागतो, आणि तालुक्याच्या बाहेर तसे मिस्त्री अजून कमी आहेत, आयटीआयमधनं पोरं बाहेर पडतायत त्यांना हे शिकवून गावात दुकान टाकायला मदत व्हायला पाहिजे. पण या नव्या गाड्यांत सुद्धा ऑइल तेवढंच, काठी तीच. ऑइल कमी झालं हे सांगणारा दिवा शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांना नाही. पेट्रोलचा काटा आहे, गिअरचा आकडा दाखवतात, फोन जोडायला ब्लूटूथ देतायत, पण ज्याच्यावाचून इंजिन जातं त्याचा दिवा नाही. कंपन्यांनी तो द्यावा.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराचं पण लिहायचं राहिलं नको. भिलवडीला आमचे पाहुणे आहेत, त्यांच्या आळीत पाणी ओसरल्यावर लोकांनी गाड्या धुतल्या आणि सरळ किका मारल्या. पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये पाणी असताना जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. काही गाड्या त्यानं गेल्या, आणि ज्या चालू झाल्या त्या पाणी मिसळलेल्या ऑइलवर चालून आठवड्यानं बसल्या. प्लग काढून पाणी बाहेर उडवायचं, ऑइल काढायचं, स्वस्तातलं नवं ऑइल घालून थोडा वेळ चालवून ते पण काढायचं, मग चांगलं घालायचं. दोन बाटल्यांच्या खर्चात गाडी वाचली असती. हे त्या वेळी पेपरात चौकट करून आलं असतं तर किती लोकांचे पैसे वाचले असते, आणि नदीकाठच्या गावांना हे परत लागणार नाही असं कोण सांगणार.

हिशोब पण मांडतो. चारशेची बाटली मी तीन हजार किलोमीटरला बदलतो, माझं चालणं कठीण आहे म्हणून लवकर बदलतो, म्हणजे किलोमीटरला १३-१४ पैसे. पेट्रोलला किलोमीटरमागं पावणेदोन-दोन रुपये जातात. दोन रुपयांच्या पेट्रोलवर आपण वर्षभर भांडतो, पत्रं लिहितो, आणि १४ पैशांच्या ऑइलकडं वाकून बघत नाही. ऑइलची वही लिहायला लागल्यापासून, म्हणजे २०१७ च्या एप्रिलपासून, माझ्या गाडीचं इंजिन एकदा पण रस्त्यात बंद पडलेलं नाही. मधल्या काळात रिंगा आणि व्हॉल्व सील बदलले, ते मात्र मी ठरवून, सुट्टीच्या दिवशी.

माझ्या तीन मागण्या आहेत. नवीन गाडी विकताना शोरूममध्ये हार घालतात, नारळ फोडतात, फोटो काढतात, त्याच वेळी गिऱ्हाइकाच्या हातात काठी देऊन ऑइल कसं बघायचं ते एकदा करून घ्यावं आणि पुस्तक मराठीत द्यावं. आपल्या राज्यात एवढ्या गाड्या बनतात, आकुर्डी, चाकण, वाळूज सगळं इथंच आहे, मराठी पुस्तक द्यायला अडचण काय आहे ते मला कळत नाही. दुसरी, सर्व्हिसिंगला ऑइल काढताना आणि भरताना गिऱ्हाइकाला उभं राहू द्यावं, बाटली समोर फोडावी आणि शेवटी काठी दाखवून सही घ्यावी, बिलात नुसतं ९०० मिली लिहून भागत नाही. आत गिऱ्हाइकाला प्रवेश नाही अशी पाटी लावतात, मग काच तरी लावा म्हणजे बाहेरनं दिसेल. ज्यांच्या बाबतीत माझ्यासारखं झालंय त्यांनी गप्प बसू नये, पैसे घेऊन काम न करणं ही सेवेतली त्रुटी आहे आणि २०१९ च्या ग्राहक कायद्यात त्याची दाद मागता येते, फक्त ऑइल काढताना दोन साक्षीदार आणि मोबाइलवर फोटो ठेवा, मी ते केलं नाही म्हणून माझं तेव्हा काही चाललं नाही.

तिसरी मागणी तुमच्याकडं. साहेब, पेपरात नव्या गाड्यांची पानभर जाहिरात येते आणि नव्या मॉडेलची ओळख पण येते, पण घेतलेली गाडी दहा वर्षं कशी टिकवायची याच्यावर चार ओळी येत नाहीत. ज्यांच्या घरी तुमचा पेपर जातो त्यातल्या बहुतेकांच्या दारात शंभर-सव्वाशे सीसीचीच गाडी उभी असते, मी रोज बघतो. महिन्याला एकदा, पहिल्या रविवारी, हाताच्या पंजाएवढी चौकट द्या, आज काठी बघा एवढंच लिहिलं तरी चालेल, मी माझ्या लाइनवरच्या गिऱ्हाइकांना ती दाखवून पेपर देईन.

रविवारी माझी लाइन साडेआठपर्यंत उरकते. नऊनंतर मी विट्यात स्टँडजवळ पेपरच्या टेबलावर असतो, फडकं आणि टॉर्च माझ्याकडं आहे. ज्यांना काठी कशी बघायची ते माहीत नाही, मग ती कॉलेजची पोरगी असू दे, आशाताई असू दे नाहीतर सत्तर वर्षांचे आजोबा, गाडी घेऊन या, मेन स्टँडवर लावा, मी दाखवतो. पैसे लागत नाहीत.

आपला,
एक पेपर विक्रेता आणि वाचक,
विटा, ता. खानापूर, जि. सांगली